विसाचा ठोका

मशीन दुरुस्तीला म्हणून गेलो होतो.
उद्यमनगर, टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला.
साखळी अडकत होती, बेअरिंग गेलेलं,
पंख्यात धूळ आणि कुणाचा तरी लांब केस.
अर्ध्या तासाचं काम.
तहसीन मुजावर म्हणाली, काका, चालवून दाखवा.
बसलो.
त्याला आता चौदा महिने झाले.

पहिल्या दिवशी मिनिटाला चौतीस ओढी.
सीट पुढं-मागं, पुढं-मागं, नाकावरून घाम,
पडद्यावर अठ्ठ्याण्णव वॉट, एकशे दोन, परत अठ्ठ्याण्णव.
पोरगी खांबाला टेकून बघत होती.
म्हणाली, होडी वल्हवताय का दार ठोठावताय?

मग म्हणाली, वीस.
मिनिटाला वीसच. आणि वॉट खाली येता कामा नये.

राग आला.
छत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला
फिरत्या वस्तूचं गणित कुणी शिकवायचं?
मीच पोरांना सांगत आलो,
नुसता स्पिंडल पळवून माल उतरत नाही रे,
फेरे कमी कर, टूल खोल घाल,
पोलादाची चिप बघ कशी जाड, गुंडाळत येते.
आणि मळ्यावरचं आमचं जुनं ऑइल इंजिन,
थोरल्या चाकाचं, टुक् आणि टुक्,
मधे एवढी उसंत की माणूस तंबाखू मळून घेईल,
पण पंचगंगेचं पाणी चढावर चढवायचं.
ठाऊक होतं की सगळं.
लोखंडाबद्दल ठाऊक होतं.

तर वीस.
पाय आधी, पाठ मग, हात सगळ्यात शेवटी.
साखळीतली ढील संपू दे, मग टाच रोव.
ओढू नका, जमीन ढकला, तहसीन म्हणते.
परतताना उलटं, हात, पाठ, गुडघे,
जाताना एक मोजायचा, येताना दोन.

त्या दोनातच सहा आठवडे गेले.
येताना काही करायचं नसतं,
हात शिवशिवतात,
वाटतं पंखा मंदावतोय, पाळी संपत आली,
कुणीतरी नग मोजायला येईल.
नगावर पगार घेतलेलं शरीर,
रिकामं परतायची त्याला लाज वाटते.

खऱ्या होडीत मी एकदाच बसलो, महापुरात.
गल्लीत वायरी लोंबत होत्या, खाली बुडालेल्या स्कूटर,
म्हणून जवानांनी मोटार बंद केली आणि वल्ही काढली.
मी ओरडत होतो, जोरात मारा, जोरात मारा.
एक वल्हं पाण्यात, मग कितीतरी वेळ
होडी आपली आपण सरकायची,
मेडिकलच्या पाटीला हात लागेल इतक्या उंचीवरून.
सुकुमाला मांडीवर कुकर घेऊन बसलेली.
ती गप्प होती. तिला कळलं होतं बहुतेक.

गेल्या मंगळवारी विसाला एकशे सत्तावीस.
वहीत मांडलं, सवयीनं.
तेव्हा एका ओढीत एकशे ऐंशी ज्यूल,
आता तीनशे ऐंशी.
छातीचे ठोके उलट बारानं कमी.
खाली लिहिलं, वेग दुप्पट मागशील तर ताकद आठपट दे.
पतसंस्थेच्या व्याजापेक्षा कडक हिशेब,
पण पाटीवर लिहिलेला, लपवाछपवी नाही.

शर्यतीला अठ्ठावीस लागतील, तहसीन सांगते.
वीस हा पाया, त्यावर चढवायचं.
कसली शर्यत, मी चौसष्ट वर्षांचा.
ती फॉर्म भरून मोकळी झालीय.
नावापुढं तिनं लिहिलंय, आदगोंडा मगदूम, नवशिका.

पाच हजार मीटर झाले.
आहे तिथंच आहे, टायरच्या दुकानावर.
खाली कुणीतरी गंजलेला नट घाईघाईनं ठोकतोय,
झिजवणार तो त्याच्या कडा.
हँडल ठेवून दिलं तरी चाक फिरतंच राहतं.
मी मोजतो. अकरा, बारा, तेरा.
बेअरिंग चांगलं बसलंय.